बाळ-बाळंतीण सुखरूप, हा अर्धाच रिपोर्ट

फॅमिली ग्रुपवर बाळंतपणाची बातमी ठरलेल्या साच्यात येते. मुलगा की मुलगी, वजन किती, नॉर्मल की सिझर, आणि शेवटी ‘बाळ-बाळंतीण सुखरूप’. त्याखाली अभिनंदनाची रांग लागते, पेढ्यांची मागणी होते आणि विषय संपतो. त्या बारा-चौदा तासांत बाळंतिणीवर काय गुजरलं, हे कोणी विचारत नाही. तिनं स्वतःहून सांगायला घेतलं, तर ‘अगं, बाळाचं तोंड बघितलं की सगळं विसरायला होतं’ म्हणून तिला तिथेच गप्प केलं जातं.

माझं म्हणणं सरळ आहे. ‘सुखरूप’ ही बाळंतपणाची किमान अट आहे आणि आपण तिलाच शंभरपैकी शंभर मार्क देऊन मोकळे झालो आहोत. हे माहिती नसल्यामुळे होतंय असंही नाही. बाळंतपणात बाईचा त्रास कशानं कमी होतो, कशानं उगाच वाढतो, यावर गेली चाळीस-पंचेचाळीस वर्षं भरपूर आणि चांगलं संशोधन झालंय. त्यातलं महत्त्वाचं काही मिडवाईफनी, म्हणजे बाळंतपणाचं शास्त्रीय प्रशिक्षण घेतलेल्या बायकांनी केलंय. ते संशोधन आपल्या लेबर रूमच्या दाराशी येऊन थांबतं. आत ते कोणी मोजत नाही, आणि ज्यांनी ते वापरायचं त्या मिडवाईफ आपण तयारच केल्या नाहीत.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. डॉक्टर नाही, नर्स नाही, मला मूलही नाही. पण माझा दिवस फॉर्म, डेटाबेस आणि डॅशबोर्ड यांत जातो आणि तिथला एक नियम मला पक्का ठाऊक आहे : ज्या गोष्टीला डेटाबेसमध्ये रकाना नाही, ती व्यवस्थेच्या लेखी घडलेलीच नसते. बाळंतपणाच्या बाबतीत नेमकं हेच झालंय.

जे मोजलं, ते सुधारलं

आधी श्रेय द्यायला हवं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात सुमारे ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. २०१८-२० या काळात राज्यातला माता मृत्यूदर दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, तेव्हा देशाचा ९७ होता. आपल्या आज्या-पणज्यांच्या पिढीत जवळपास प्रत्येक घरात बाळंतपणात गेलेली एखादी बाई असायची. आज तसं नाही, आणि याची थट्टा करायचा अधिकार कोणालाच नाही. सरकारनं ‘दवाखान्यात बाळंतपण’ हा आकडा धरला, २००५ च्या जननी सुरक्षा योजनेपासून त्याच्यामागे पैसे लावले, आशाताईंना कामाला लावलं आणि तो आकडा हलला.

म्हणजे मोजलं की सुधारतं, हे सिद्ध झालंय. आता जे मोजलं नाही त्याकडे बघा. त्याच सर्वेक्षणात देशातली २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियननं झालेली दिसतात. सरकारी दवाखान्यांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगीत ४७.४ टक्के. खासगीत जाणाऱ्या बायकांची शरीरं तिपटीनं वेगळी असतात का? काही अवघड केसेस खासगीत जातात, काही जणी स्वतःहून सिझर मागतात, काहींच्या घरचे मुहूर्त काढून आणतात, हे सगळं खरं. पण एवढ्यानं ही दरी भरत नाही. तालुक्याच्या गावात एकटा स्त्रीरोगतज्ज्ञ सकाळी ओपीडी, दुपारी ऑपरेशनं, रात्री इमर्जन्सी असा चोवीस तास बांधलेला असतो. चौदा तास चालणारी कळांची वाट त्याच्या दिवसात बसत नाही, पाऊण तासाचं ऑपरेशन बसतं. हा डॉक्टर खलनायक आहे असं मी म्हणत नाही. ज्या कामाला वेळ देणारं माणूस लागतं, ते काम ज्याच्याकडे वेळच नाही अशा एकाच माणसाच्या गळ्यात आपण बांधलंय.

आणि हा झाला निदान मोजलेला आकडा. कळा देताना किती जणींना उताणं झोपवून ठेवलं, किती जणींना घोटभर पाणी नाकारलं, किती जणींच्या पोटावर कोपरानं दाब दिला, किती जणींना न विचारता कात्री लावली, किती जणींना ‘तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस?’ हे ऐकावं लागलं, याचे रकाने कोणत्याच रिपोर्टात नाहीत. हे शेवटचं वाक्य वाचून तुम्हाला धक्का बसला असेल, तर घरातल्या किंवा मैत्रिणींतल्या चार बाळंतिणींना विचारा. निदान एक जण मान डोलावेल.

मोजायचं ठरवलं तर हेही मोजता येतं. घाना, गिनी, म्यानमार आणि नायजेरिया या चार देशांत संशोधकांनी लेबर रूममध्ये बसून २,०१६ बायकांच्या बाळंतपणाचं निरीक्षण केलं. २०१९ साली ‘लॅन्सेट’मध्ये तो अभ्यास आला. दहापैकी चार जणींना मारहाण, शिवीगाळ किंवा अपमान यांपैकी काहीतरी सोसावं लागलं होतं. सगळ्यात जास्त प्रकार बाळ जन्मण्याआधीच्या अर्ध्या तासापासून ते जन्मानंतरच्या पंधरा मिनिटांपर्यंत घडले. म्हणजे ज्या क्षणी ती सगळ्यात असहाय असते, नेमकी त्याच क्षणी.

मिडवाईफनी विचारलेले प्रश्न

१९७९ साली आर्ची कॉक्रन या ब्रिटिश डॉक्टरनं वैद्यकशास्त्राच्या सगळ्या शाखांत प्रसूतिशास्त्राला ‘लाकडी चमचा’ दिला. आपल्याकडे ढ विद्यार्थ्याला मिळावं तसं बक्षीस. कारण असं, की उपचार खरंच उपयोगी आहेत का, हे रीतसर चाचण्या घेऊन तपासण्यात ही शाखा सगळ्यांत मागे होती. बाळंतपणातल्या अनेक पद्धती ‘असंच करतात’ म्हणून चालू होत्या.

त्या पद्धती तपासायला घेणाऱ्यांत इंग्लंडमधल्या मिडवाईफ होत्या. मोना रोमनी यांनी १९८० साली अगदी घरगुती वाटणारा प्रश्न विचारला : बाळंतपणाआधी बाईचे खालचे केस का काढायचे? जंतुसंसर्ग टळतो म्हणून, असं उत्तर ठरलेलं होतं. त्यांनी चाचणी घेतली आणि तसा काही फायदा दिसला नाही. पुढच्याच वर्षी एनिमाचं तेच झालं. त्याआधी पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी हे दोन्ही प्रकार, त्यातल्या लाजेसकट, निमूटपणे सोसले होते.

मग जेनिफर स्लीप. याही मिडवाईफ. १९८४ साली त्यांनी एक हजार बायकांवर एपिसिओटॉमीची चाचणी प्रसिद्ध केली. एपिसिओटॉमी म्हणजे बाळ बाहेर येताना योनीमुखाशी कात्रीनं दिलेला छेद. एका गटात सढळ हातानं छेद, दुसऱ्या गटात शक्यतो टाळायचा. ‘छेद दिला नाही तर वेडंवाकडं फाटेल’ ही भीती खरी ठरली नाही. पण मला या अभ्यासात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांनी काय मोजलं. टाक्यांची संख्या मोजून त्या थांबल्या नाहीत. दहा दिवसांनी दुखतंय का, तीन महिन्यांनी दुखतंय का, नवऱ्याशी संबंध पुन्हा कधी सुरू झाले, हे त्यांनी बायकांना विचारलं. ज्या गटात छेद टाळला होता, त्या गटातल्या जास्त बायका महिन्याभरात तिथवर पोचल्या होत्या. तीन वर्षांनी त्यांनी त्याच बायकांना पुन्हा गाठलं. बाळंतपण संपल्यावरही बाईचं शरीर तिचंच असतं आणि ते तिला पुढे वापरायचं असतं, ही साधी गोष्ट त्यांनी संशोधनाच्या रकान्यात आणली.

१९९३ साली अर्जेंटिनात २,६०६ बायकांवर झालेल्या चाचणीनं यावर शिक्कामोर्तब केलं. सरसकट छेद देणाऱ्या गटात ८३ टक्के बायकांना कात्री लागली, गरजेपुरती वापरणाऱ्या गटात ३० टक्के. गंभीर जखमा दोन्हींकडे साधारण सारख्याच, किंबहुना दुसऱ्या गटात किंचित कमीच. या गोष्टीला तीस वर्षं उलटून गेली. आजही पहिलटकरणीला ‘टाके तर पडतातच’ असं आपल्याकडे आधीच सांगून ठेवतात, जणू तो निसर्गनियम आहे.

सोबतीचंही तसंच. कळांच्या पूर्ण काळात बाईजवळ कोणीतरी सतत असणं, हात धरणं, पाठ चोळणं, धीर देणं, याचे काही मोजता येण्याजोगे परिणाम होतात का? २०१७ च्या कॉक्रन आढाव्यात सतरा देशांतल्या १५ हजारांहून जास्त बायकांचा डेटा आहे. सतत सोबत मिळालेल्या बायकांची बाळंतपणं लवकर झाली, सिझेरियन कमी लागली आणि अनुभव वाईट होता असं म्हणणाऱ्याही कमी निघाल्या. याला मशीन लागत नाही, औषध लागत नाही. एक खुर्ची आणि आडोशाला पडदा लागतो. सरकारी दवाखान्यांत सोबतीण आत येऊ द्यायला केंद्रानं २०१६ सालीच मान्यता दिली आहे. तरी कितीतरी ठिकाणी आई बाहेर बाकावर जप करत बसलेली असते आणि मुलगी आत एकटी ओरडत असते.

घड्याळ कोणाचं?

लेबर रूममध्ये ‘तासाला एक सेंटीमीटर’ हा नियम वर्षानुवर्षं चालत आला. गर्भाशयाचं तोंड तासाला साधारण एवढं उघडायला हवं, नाही उघडलं तर इंजेक्शनानं कळा वाढवा, तरीही नाही तर सिझर. याचं मूळ इमॅन्युएल फ्रीडमन या अमेरिकन डॉक्टरनं १९५०च्या दशकात काढलेल्या आलेखांत आहे. पहिलटकरणींवरचा त्याचा १९५५ चा प्रसिद्ध अभ्यास पाचशे बायकांचा होता. एका काळच्या, एका शहरातल्या पाचशे बायकांची सरासरी जगभरातल्या बायकांसाठी डेडलाइन झाली. आमच्या धंद्यात असं कोणी केलं तर कोड रिव्ह्यूमध्येच अडवलं जाईल.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली स्पष्ट सांगितलं की हा वेग सगळ्यांना लागू होत नाही, आणि नुसता वेग कमी आहे म्हणून हस्तक्षेप करू नये. त्याच शिफारशींत सोबत, हवं ते खाणं-पिणं, हिंडणं-फिरणं हे सगळं आहे. सरसकट छेद आणि पोटावर दाब नको, हेही आहे. पुढे २०२० साली संघटनेनं लेबर रूमसाठी नवा तक्ता काढला, लेबर केअर गाईड. त्यात बाळाचे ठोके आणि आईचं बीपी आहेच. पण त्यांच्याही वर चार ओळी आहेत : सोबत आहे का, वेदना कमी करायला काही दिलं का, तोंडानं पाणी घेतेय का, कोणत्या स्थितीत आहे. सोबत कोणी नसेल तर ती नोंद तब्येत बिघडल्याच्या इशाऱ्यासारखी ठळक दिसते.

मी हा तक्ता पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला कळलं की कोणीतरी स्कीमा बदललाय. बाईचा अनुभव ‘शेरा’ या शेवटच्या रिकाम्या चौकटीतून उचलून वर आणलाय. आता ‘विसरलो’ म्हणता येत नाही, कारण रकाना रिकामा दिसतो.

‘सगळं छान झालं’

यावर नेहमीचं उत्तर येतं : आम्ही फीडबॅक घेतो, पेशंट समाधानी आहेत. हेही तपासलं गेलंय. मॉरीन पोर्टर आणि सॅली मॅकिंटायर यांनी १९८४ साली स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनच्या गरोदर बायकांबद्दल लिहिलं, की ज्या पद्धतीची सेवा मिळते तीच सगळ्यांत चांगली असणार असं बायका धरून चालतात. वेगळं काही असू शकतं हे पाहिलंच नसेल, तर नाराज कशावर होणार?

माझ्या मावसबहिणीचं बाळंतपण एका खासगी दवाखान्यात झालं. रात्रभर उताणी. मावशी बाहेर. छेद दिलाय हे तिला टाके घालताना कळलं. वर्षभर ती नीट मांडी घालून बसू शकत नव्हती. त्या दवाखान्याला गूगलवर पाच स्टार देणाऱ्यांत तीही आहे. मी विचारलं तर म्हणाली, “अगं, माझं बाळ हातात दिलं ना त्यांनी.” ही कृतज्ञता आहे, आणि ती खरी आहे. पण कृतज्ञतेला समाधान समजून डॅशबोर्ड हिरवा करणं ही लबाडी आहे. ‘तुम्ही समाधानी आहात का?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. ‘छेद देण्याआधी तुम्हाला विचारलं का? तुमच्याजवळ कोण होतं? तुमच्यावर कोणी ओरडलं का?’ असे प्रश्न हवेत.

विचारण्यानं काय होतं, याचा धडा महाराष्ट्रातच आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायकांना विचारलं, तपासलं आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडलं : ९२ टक्के बायकांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. तोवर सरकारी आरोग्यसेवेला ग्रामीण बाईचं गर्भाशय कुटुंबनियोजन आणि बाळंतपण एवढ्यापुरतंच दिसत होतं. दुखणी गुप्त नव्हती. कोणी विचारलं नव्हतं.

मिडवाईफ गेली कुठे?

हे सगळं करायला लेबर रूममध्ये वेळ, कौशल्य आणि अधिकार असलेलं माणूस हवं. जगात त्याला मिडवाईफ म्हणतात. २०२४ च्या कॉक्रन आढाव्यात १७ चाचण्या आणि १८,५३३ बायका आहेत. ओळखीच्या मिडवाईफनी गरोदरपणापासून बाळंतपणापर्यंत सांभाळलेल्या बायकांत सिझेरियन आणि चिमट्याची बाळंतपणं कमी होती, अनुभवही चांगला होता. या चाचण्या बहुतांशी श्रीमंत देशांतल्या आहेत, हे मान्य. म्हणून तर आपल्याकडे करून बघायला हव्यात.

आपल्याकडे एएनएममधला ‘एम’ मिडवाईफचाच आहे. पण १९७३ च्या कर्तार सिंग समितीनंतर तिची ‘बहुउद्देशीय’ आरोग्यसेविका झाली. लसीकरण, कुटुंबनियोजनाची टार्गेटं, सर्व्हे, रजिस्टरं हे सगळं तिच्या पदरात पडलं आणि बाळंतपणाचं कौशल्य मागे पडलं. मोठ्या दवाखान्यांत नर्सला मिडवायफरीची पदवी असते, पण आज लेबर रूम, पुढच्या महिन्यात सर्जिकल वॉर्ड अशी तिची ड्युटी फिरते. गावची सुईण आपण मोडीत काढली आणि तिच्या जागी प्रशिक्षित मिडवाईफ आणलीच नाही.

२०१८ साली केंद्रानं अठरा महिन्यांच्या प्रशिक्षणातून नर्स-मिडवाईफ तयार करायचं धोरण जाहीर केलं. त्याआधी, २०१७ साली, तेलंगणानं करीमनगरमध्ये हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलच्या मदतीनं ही सुरुवात केली होती. करीमनगर आपल्या गडचिरोली-चंद्रपूरहून काही फार लांब नाही.

तीन आक्षेप

पहिला : ‘आधी जीव वाचवा, अनुभवाचे लाड नंतर.’ ही विभागणीच खोटी आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या २०२१ च्या अंदाजानुसार ८८ देशांत मिडवाईफची सेवा सगळ्यांपर्यंत पोचली, तर २०३५ मध्ये एका वर्षात ४३ लाख जीव वाचू शकतील. जी बाईजवळ बसून असते, तिलाच रक्तस्राव सगळ्यांत आधी दिसतो.

दुसरा : ‘म्हणजे पुन्हा घरी बाळंतपणं?’ नाही. दवाखाना हवा, ऑपरेशन थिएटर शेजारी हवं, डॉक्टर हाकेच्या अंतरावर हवा. वेळेवर झालेलं सिझेरियन जीव वाचवतं. प्रश्न आहे तो कारण नसताना झालेल्याचा.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर. इंग्लंडमध्ये मिडवाईफ असूनही मोरकॅम्ब बे आणि श्रूजबरी इथल्या दवाखान्यांत बाळं आणि माता दगावल्या. २०१५ आणि २०२२ च्या चौकशी अहवालांत ‘काहीही करून नॉर्मलच’ या हट्टावर बोट ठेवलंय. हे लपवून मिडवायफरीची बाजू घेणं अप्रामाणिक होईल. पण तेच अहवाल आणखी एक गोष्ट सांगतात : कुटुंबांनी ‘काहीतरी चुकतंय’ असं सांगितलं आणि त्यांचं ऐकलं गेलं नाही. सिझरचा हट्ट असो की नॉर्मलचा, खोलीतल्या ज्या बाईचं ते शरीर आहे तिला वगळून निर्णय झाला, की घात होतो.

आपण काय करायचं?

राज्य सरकारकडे मागण्या तीन. प्रत्येक दवाखान्यानं, खासगीसकट, सिझेरियन आणि एपिसिओटॉमीचं प्रमाण जाहीर करावं. मिडवाईफची वेगळी पदं भरावीत आणि त्यांची ड्युटी लेबर रूमबाहेर फिरवू नये. आणि घरी गेल्यावर काही आठवड्यांनी, दवाखान्याशी संबंध नसलेल्या कोणीतरी प्रत्येक बाळंतिणीला दहा प्रश्न विचारावेत. तंत्रज्ञान म्हणाल तर हे एका वीकेंडचं काम आहे. फोन तिच्या हातात आहेच.

पण सरकारची वाट कशाला बघायची? आपल्या वयाच्या मैत्रिणी आता नाव नोंदवायला जातायत. पॅकेजमध्ये एसी रूम आहे का, हे विचारतोच. त्याबरोबर हेही विचारा : गेल्या वर्षी तुमच्याकडे शंभरात किती सिझर झाली? कळांच्या वेळी माझ्याजवळ कोण थांबू शकेल? मला हिंडता येईल का, पाणी पिता येईल का? छेद देण्याआधी मला विचारणार का? नवऱ्यांनो, हे प्रश्न तुम्हीही विचारू शकता. बिल भरताना जो आवाज निघतो, तोच इथे वापरा. चांगला डॉक्टर चिडणार नाही. उत्तर म्हणून ‘तुम्ही गूगल बघून येता’ असं ऐकायला मिळालं, तर उत्तर मिळालंय असं समजा आणि दुसरा दवाखाना बघा.